दुमिंगच्या खोक्याची पाठ

खाडीकाठच्या एका गावात इनास नावाचा सुतार राहत होता. त्याचा हात असा की त्याने सांधलेल्या दोन फळ्यांमध्ये सुई शिरू नये. चर्चमधले बाक त्याचे, अर्ध्या गावाची दारे त्याची. पण त्याला एक खोड होती. कुठे फट दिसली की त्याचे हात शिवशिवत. शेजाऱ्याकडे चहाला गेला तरी त्याचे डोळे कपापेक्षा चौकटीच्या फटीकडेच जास्त.

इनासचा थोरला भाऊ दुमिंग लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. गिटारचा आवाज घुमवायला त्याच्याकडे स्पीकरचा एक जुना खोका होता. चाळीस वर्षे तो खोका टेम्पोत चढला आणि मांडवात उतरला. त्याचे रेक्झिन फाटले होते, कोपरे झिजले होते आणि पाठ तर अर्धीच होती. वर एक फळी, खाली एक फळी, मध्ये वीतभर उघडे. पण आवाज असा की तीन वाड्या पलीकडचे लोक कान देऊन म्हणत, "दुमिंग आला."

मग दुमिंगला लकवा मारला. डावी बाजू गेली, वाजवणे संपले. डॉक्टरांनी इनासला बाजूला घेऊन सांगितले की आता फार दिवस नाहीत. इनासने भावाला आपल्या घरी आणले. त्याच्याबरोबर खोकाही आला, पण तो मुका झाला होता.

"इनास, खोक्याचा आवाज तेवढा परत आण," दुमिंग म्हणाला. "फेल्सी वाजवेल, मी पडल्या पडल्या ऐकेन. एकदा ऐकला की मी मोकळा."

फेल्सी ही दुमिंगची मुलगी. बापाची गिटार आता तिच्या हातात होती.

इनासने खोका ओट्यावर नेऊन उघडला. आत एक वायर सुटलेली. त्याने ती डाग देऊन जोडली. पाव तासाचेही काम नव्हते. फेल्सीने गिटार लावून एक तार छेडली. आवाज आला. भिंतीपलीकडून दुमिंग ओरडला, "तोच! तोच रे! आणा इकडे!"

गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते. पण इनासने खोक्याकडे पाहिले आणि त्याचे हात शिवशिवले.

"दादा, हे असलं लक्तर तुझ्या उशाशी ठेवू? चार माणसं तुला बघायला येतात. आठ दिवस दे. नव्याहून नवा करतो."

"मला बघायचा नाहीये रे. ऐकायचाय."

"ऐकशील की! पळून चाललाय का?"

ज्याच्या घरात पडायचे, ज्याच्या हातचे दोन घास खायचे, त्याला दुमिंग आग्रह तरी किती करणार?

इनासने खोका सगळा सुटा केला. स्पीकर आणि बटणे तेवढी ठेवली. जुन्या फळ्या काढून जाड सागवान आणले. अर्धी पाठ पाहून त्याला दादाची कीवच आली. त्या वेळी फळी पुरली नसेल बिचाऱ्याला, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. दुमिंग भिंतीपलीकडेच होता. विचारायला पाच पावले पुरली असती. इनासने विचारले नाही. त्याने अखंड पाठ बसवली, सरस लावला, सुई शिरू नये अशी.

दुमिंगला भेटायला येणारे आधी ओट्यावर थांबत. "वा इनास, भावासाठी काय राबतोयस!" म्हणत. ते ऐकून इनास आणखी एक हात पॉलिश मारी. आठ दिवसांचे वीस झाले. जुन्या फळ्या चांगल्या सुकलेल्या होत्या. त्या बंबात गेल्या, दुमिंगचे अंग पुसायला पाणी तापवायचे म्हणून.

"झाला का रे?" दुमिंग रोज विचारी. पुढे पुढे त्याला बोलवेना. मग तो नुसता दाराकडे बघे.

अखेर खोका त्याच्या उशाशी आला. आरशासारखा चकाकत होता. नवरी मांडवात येताना दुमिंग जी चाल वाजवायचा, ती फेल्सीने धरली. रांजणात तोंड घालून कुणी बोलावे तसा आवाज आला. ती थांबली. बटणे फिरवून तिने पुन्हा वाजवले. पुन्हा तेच.

"कोणाचा खोका हा?" दुमिंगने कसेबसे विचारले.

"तुझाच, दादा."

"माझ्याला पाठ नव्हती."

फेल्सीचे डोळे भरले. "काका, ती फट पप्पांनी मुद्दाम ठेवली होती. आवाज तिथून मोकळा व्हायचा. एकदा विचारायचं तरी."

इनासने खोका ओट्यावर ओढला. पाठ उचकटायला गेला, तर त्याचाच सांधा त्याला दाद देईना. शेवटी करवत घालून त्याने वीतभर फट पाडली. आवाज थोडा सुटला, पण तो जुना आवाज नव्हता. जुन्या फळ्या शोधत तो मागच्या दारी गेला. बंबाखाली राख होती.

तो आत आला तेव्हा दुमिंगने भिंतीकडे तोंड केले होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. ज्यासाठी त्याने जीव धरून ठेवला होता, त्यातली एकच तार त्याच्या वाट्याला आली, तीही भिंतीपलीकडून.

मातीला आलेल्यांनीही तो खोका पाहिला. "काय काम आहे, इनास!" एक जण म्हणाला. इनासने त्यावर चादर टाकली. गावात पुढेही त्याने पुष्कळ दारे बसवली. पण फट दिसली की आता तो आधी घरधन्याला विचारतो, "ही बुजवू का?"

तात्पर्य: ज्याची वस्तू, त्याला विचारल्यावाचून ती सुधारू नये. न मागितलेली सेवा बहुधा आपलीच हौस असते आणि तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.