हिरव्या बीची चूक

एका राज्यात आग ओकून दमलेला एक डोंगर होता. त्याच्या काळ्या उतारावर उन्हाळ्यातही घोंगडी लागे. तिथे रखमाजी द्राक्षे पिकवी आणि त्यांचे मद्य करून राजाला देई. त्या गारठ्यात द्राक्ष सावकाश पिके. बी चावून बघावी, ती तपकिरी होऊन कुरकुरली तरच घड खुडावा, अशी तिथली रीत.

एके वर्षी हिव पडून पीक करपणार म्हणून रखमाजीचे धाबे दणाणले. बी हिरवी असतानाच त्याने घड उतरवले. झाले! डोंगराचा धनी काळमुख मांत्रिक खवळला. त्याने रखमाजीच्या बायकोची, गोमतीची, वेल केली आणि पहिल्या रांगेत उभी केली.

मांत्रिकाचा निरोप घेऊन साळुंकी आली. म्हणाली, "रखमाजी, तीन कामे कर. डोंगराच्या तोंडातले काळे दगड आणून सगळ्या वेलींभोवती रच. शिखरावरचे धुके घागरीत भरून गोमतीच्या मुळाशी ओत. तिसरे, तिचा घड पिकल्यावरच खुड. बी हिरवी निघाली तर ती कायमची गेली."

दगड वाहून रखमाजीचे हात सोलवटले. धुके दोनदा सांडले, तिसऱ्यांदा घागरीत राहिले. मग उरले नुसते थांबणे. आणि हेच तर त्या भल्या माणसाला कधी जमले नव्हते!

पुढच्या हंगामात वेलींवरचे घड काळे झाले, तसा राजा घोड्यावरून आला.

"हिव येते आहे. सगळे घड आजच उतरव."

रखमाजीने शेजारच्या वेलीचा मणी चावला. बी एका अंगाने हिरवीच होती.

"आज नाही, महाराज."

"पीक गेले तर तुझे डोके जाईल."

"जाऊ द्या. त्या वेलीत माझी बायको आहे. एकदा घाई केली, पुन्हा नाही."

हिव पडले. पाने करपली. पण दिवसभर तापलेले काळे दगड पहाटेपर्यंत कोमट राहिले आणि घड वाचले. राजाने एका दगडावर हात ठेवून पाहिला, आणि डोक्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

तिसऱ्या दिवशी बी कुरकुरली. रखमाजीने गोमतीचा घड खुडला. वेल नाहीशी झाली. तिच्या जागी गोमती उभी राहिली, केसांत एक करपलेले पान घेऊन.

तिने एक मणी तोंडात टाकला, बी चावली.

"आता पिकले. तेव्हा कोण तुमच्या पाठीस लागले होते हो?"

रखमाजी ढसाढसा रडला.

तेव्हापासून त्या राज्यात खुडणीचा दिवस राजा ठरवीत नाही. गोमती बी चावते, आणि राजा बांधावर बसून वाट बघतो.