भिवराची वाटी

फार वर्षांपूर्वीची, नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सांगताना माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण भिवरा जन्मली आमच्या तांबसवाडीत, आणि नाव झालं पलीकडच्या गावाचं, खडकाळ्याचं.

भिवरा ही सखा तांबटाची लेक. त्या काळी शेतांना पाटाचं पाणी पाळीनं मिळायचं आणि पाळी मोजायला पाटाच्या तोंडाशी एक तांब्याची वाटी असायची. तिच्या बुडाला बारीक भोक. घंगाळातल्या पाण्यावर ठेवली की ती हळूहळू भरायची आणि बुडायची. वाटी बुडली की एकाचं पाणी बंद, दुसऱ्याचं सुरू. ही वाटी तांबटाच्या मुलानंच घडवायची, अशी आमची रीत. पण सख्याचा मुलगा धोंडू ठोकून ठोकून थकला तरी वाटी वाकडीच, आणि भिवरानं येता-जाता चार ठोके मारले की काठ गोल. असं म्हणतात, तांबं तिचं ऐकायचं. ती नुसती जवळ बसली तरी पत्रा मऊ पडायचा. लोक तिचं कौतुक करायचे आणि धोंडूचा तिळपापड व्हायचा. मी त्याला फार नावं ठेवत नाही. जळणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

एका हिवाळ्यात भिवराच्या लक्षात आलं, की पहाटे वाटी उशिरा बुडते आणि दुपारी लवकर. वाटी तीच, भोकही तेच. म्हणजे पहाटेच्या पाळीवाल्याला पाणी जास्त, दुपारच्याला कमी. तिनं चुलीवर पाणी कोमट केलं, रांजणातलं गार घेतलं, आणि वाटी कधी यात तर कधी त्यात सोडून बघत बसली. मग धोंडूला म्हणाली, "दादा, गार पाणी आळशी असतंय. भोकातनं वर यायला कंटाळतंय."

"तुला काय करायचंय? भाकरी थाप."

तिनं भाकरी थापल्या. आणि दोन वाट्याही घडवल्या, पहाटेची जरा मोठ्या भोकाची आणि दुपारची बारीक भोकाची. बघायला दोघी जुळ्या. असं म्हणतात, टिचकी मारली की एकीतून कोंबडा आरवायचा आणि दुसरीतून पारवा घुमायचा.

धोंडूनं त्या पाहिल्या आणि त्याच्या डोळ्यांत खुपल्या. त्यानं एक उचलली, ती नेमकी पहाटेची. दुसरी जादाची असेल, असं त्याला वाटलं. पहाटे ती पाटावर नेऊन म्हणाला, "ही माझी नवी वाटी." पहाटेची पाळी अगदी चोख झाली. लोकांनी त्याची पाठ थोपटली आणि तो छाती काढून उभा राहिला. पण ऊन चढलं तशी तीच वाटी भराभर बुडायला लागली. दुपारवाल्यांचा हरभरा अर्धाच भिजला. ते काठ्या घेऊन धावून आले, तेव्हा धोंडू म्हणाला, "माझी न्हाई ती. भिवरीनं केलीया."

मग पंच बसले. भिवरा सांगायला उठली, तर चारी बाजूंनी एकच ओरडा झाला, "गप बस!" बाईचा हात लागला म्हणून वाटी बाटली, असं ठरलं. भिवरानं पुन्हा हातोडीला हात लावायचा नाही. धोंडू मान खाली घालून बसून राहिला.

भिवरा उठली, दुपारची वाटी घेतली आणि नदीवर गेली. वर कुठंतरी अवकाळी पाऊस होऊन नदीला पूर आला होता. तिनं वाटी पाण्यावर ठेवली आणि असं म्हणतात, ती वाटी परातीएवढी झाली, मग कढईएवढी झाली, आणि भिवरा तिच्यात बसली. भोक होतं तसंच होतं, पण पाणी आत येईना. नदीनं तिला अलगद पलीकडे नेलं. तिचा पाय खडकाळ्याच्या मातीला लागला आणि मगच वाटी बुडाली.

तिथल्या लोकांनी तिला भट्टी दिली. तिनं पोरींना जमवलं. त्या पोरींनी न कुरकुरणारे रहाट केले, वारा सांगणारी चक्रं केली. धोंडू रोज अलीकडच्या काठावर बसून पलीकडचे ठोके ऐकायचा. ऐकता ऐकता त्याचा दगड झाला. आमच्या बायका आजही त्या दगडावर धुणं आपटतात.

आणि खडकाळ्यात आजही काय करतात? संक्रांतीच्या सकाळी घराघरात घंगाळात भोकाची वाटी सोडतात आणि घरातल्या मुलीला म्हणतात, विचार. वाटी बुडेपर्यंत तिनं काहीही विचारावं आणि मोठ्यांनी बसून ऐकावं. तिला गप्प बस म्हणायचं नाही. म्हणून त्यांची एक पोर धरणाची दारं बांधते आणि एक उपग्रहाचे सुटे भाग बनवते. आमच्याकडे काय आहे? दगड.

यंदा संक्रांतीला माझी नात शर्वरी म्हणाली, "आबा, आपल्याकडे का नाही वाटी? गार पाणी आळशी का असतं?" गप्प बस माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पलीकडून घंगाळांत बुडणाऱ्या वाट्यांचा आवाज आला आणि मी जळलो, खरंच जळलो. उठलो, फडताळातली तांब्याची वाटी काढली आणि तिच्या बुडाला खिळा ठोकला.

शर्वरी अजून विचारतेच आहे. वाटी काही बुडत नाही. बुडणार कशी? खडकाळ्याच्या वाटीपेक्षा आमच्या वाटीचं भोक मी मुद्दाम बारीक पाडलंय.