मंडईसमोरचा मनोरा

ढग दमले की इमारतींच्या खांद्यावर निजायचे, त्या काळातली ही गोष्ट.

एका शहरात जुन्या दगडी मंडईसमोर काचेचा उंच मनोरा उभा राहिला. ढग आपल्याच खांद्यावर निजतात, याचा त्याला भारी तोरा. तो शेजारच्या क्रेनला म्हणाला, "क्रेनताई, ही म्हातारी माझ्यासमोर शोभत नाही. पाडून टाका."

"उद्या बघते," क्रेन जांभई देत म्हणाली.

संध्याकाळी दाट धुकं उतरलं. मनोरा त्यात पार बुडाला. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या इंदुमती कर्णिक फोनवर पाहुण्यांना सांगत होत्या, "अहो, बिल्डिंगचं नाव कुणाला ठाऊक नाही. सरळ मंडई विचारा. कोथिंबिरीचा वास आला की समोर आम्ही."

मनोऱ्याला राग आला. इतक्यात एका पेंगुळलेल्या ढगाने घारीला विचारलं, "माझी निजायची जागा दिसत नाही गं. कुठे आहे?"

"मंडईसमोर," घार म्हणाली. "वासावर जा."

मनोरा हळूच म्हणाला, "क्रेनताई, उद्या नको. ती गेली तर मी कुणाला सापडणार?"

समोर मंडई कोथिंबिरीच्या वासात डुलक्या घेत होती. तिने यातलं काहीच ऐकलं नव्हतं.