छऱ्यांवर आलेला आळ

एकदा एका नेमबाज मुलीला राग आला, आणि तो तिला अगदी न्यायाचा वाटला. असा राग मोठा सुखाचा असतो. तो आला की माणूस सगळ्यांना तपासतो आणि स्वतःला तेवढे वगळतो.

तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी स्प्रिंगच्या एअर रायफलीवर नेमबाजी शिकवीत असत. ही त्यांची सर्वांत कष्टाळू शिष्या. पण जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिचे छर्रे टार्गेटभर विखुरले. एक वर, एक डावीकडे, पुढचा भलतीकडेच. तिने नळीवरची नेम धरायची साइट फिरवून पाहिली, श्वास सांभाळला, बोटाची घाई टाळली. कशाचाही उपयोग झाला नाही. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली आणि संघात तिचे नाव आले नाही.

स्वतःची चूक सापडेना, तेव्हा तिने दुसऱ्याची शोधली. रायफल तर तिची जिवाभावाची. दस्त्याचे लाकूड रोज पुसून आरशासारखे ठेवलेले. मग राहिले काय? छर्रे!

गुरुजी त्या वेळी परगावी लेकीकडे गेले होते. ते गावात असते तरी तिने त्यांना विचारले असते, असे नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ती तरातरा चौकातल्या दुकानापुढे येऊन उभी राहिली. दुकानदार एक म्हातारा व्यापारी होता. खिळे, कुलपे, दोरखंड विकायचा आणि नेमबाज मुलांसाठी छऱ्यांच्या डब्या ठेवायचा. तिने छऱ्यांची डबी अर्धी त्याच्यासमोर रस्त्यावर उपडी केली.

"वाकडे छर्रे विकतो हा! लेकरांचं नुकसान करताना लाज नाही वाटत?"

"अगं, मला बघू तरी दे," व्यापारी म्हणत राहिला. पण तिचा आवाज मोठा होता आणि बाजार भरलेला होता.

गर्दीत कोणीतरी म्हणाले, "ज्याचा छर्रा वाकडा, त्याचा तराजू तरी सरळ कशावरून?" झाले! दुपारी जो प्रश्न होता, त्याची संध्याकाळी पक्की बातमी झाली. एकानेही छर्रा उचलून डोळ्यांसमोर धरला नाही. धरतो कशाला? फुकटचा तमाशा पाहायला मिळाल्यावर पुरावा कोण मागतो! पिढ्यानपिढ्यांची गिऱ्हाईके दुसऱ्या दुकानात जाऊ लागली आणि म्हातारा दिवसभर माश्या मारीत बसू लागला.

गुरुजी परतले. त्यांनी सारे ऐकले, तिच्याजवळची उरलेली डबी मागून घेतली आणि ते छर्रे झाडून पाहायला मैदानावर गेले. दुसऱ्या सकाळी भर चौकात, सर्वांच्या देखत, त्यांनी त्याच व्यापाऱ्याकडून क्लबसाठी वर्षभराचे छर्रे विकत घेतले.

हे कळताच शिष्येच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती थेट गुरुजींसमोर उभी राहिली.

"गुरुजी, माझं वर्ष गेलं आणि तुम्ही त्या लबाडाची भर करता? मग आम्ही न्याय मागायचा कुणाकडे?"

"तुझी रायफल आण," गुरुजी म्हणाले.

तिने आणली. गुरुजींनी तिच्या हाती स्क्रूड्रायव्हर दिला आणि लाकडी दस्ता नळीच्या भागाला धरून ठेवणाऱ्या स्क्रूकडे बोट दाखवले. तिने तो आवळायला घेतला. स्क्रू फिरतच राहिला. दोन-तीन वेढे घेतल्यावर तो कुठे घट्ट बसला. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दुसरा स्क्रूही तसाच निघाला.

सगळे आवळून झाल्यावर गुरुजींनी उरलेल्या डबीतले, म्हणजे तिने वाकडे ठरवलेलेच, छर्रे तिच्यापुढे ठेवले. तिने नेम धरला. छर्रे एकाच जागी, एकमेकांना खेटून बसले.

"स्प्रिंग सुटली की बंदूक आधी मागे धक्का खाते, मग पुढे," गुरुजी म्हणाले. "प्रत्येक बाराला स्क्रू किंचित सैल होतात. तो बंदुकीचा स्वभाव आहे, दोष नाही. सरावाआधी रोज तपासा, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं! तू दस्ता चकाकवलास, पण स्क्रूला हात लावला नाहीस. रागाचंही असंच आहे, बाळ. राग असावा. अन्याय पाहून ज्याला तो येत नाही, तो माणूस कसला? पण राग सोडण्याआधी आपलं काय सैल झालंय, ते बघावं लागतं. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी."

तिची मान खाली गेली. "मी आजच जाऊन माफी मागते. दुकान बंद व्हायच्या वेळी जाते, म्हणजे गर्दी नसेल."

आतापर्यंत शांत असलेले गुरुजी एकदम कडाडले, "आरोप भर बाजारात आणि माफी बंद दारामागे? अब्रू चव्हाट्यावर घेतलीस, ती कोपऱ्यात परत करणार? कोणत्या शाळेत शिकलीस हा न्याय?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती चौकात उभी राहिली. ती म्हणाली, "छर्रे चांगले होते. माझ्या बंदुकीचे स्क्रू सैल होते. मी न तपासता यांच्यावर आळ घेतला." दोघेचौघे थांबले, बाकीचे पिशव्या सावरीत पुढे गेले. आळ ऐकायला जमलेली गर्दी माफी ऐकायला जमत नाही, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळले.

व्यापारी खिळे तोलीत होता. त्याने मान वर केली नाही.

"मोठ्यानं बोल, पोरी," तो म्हणाला. "त्या दिवशी पार एसटी स्टँडापर्यंत ऐकू गेलं होतं."

तिने डोळे पुसले, छातीत हवा भरून घेतली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.