बाविसावं पारायण

“संकल्प मोडला तर पाप कुणाला लागतं, आक्का? मोडणाऱ्याला, की मोडायला लावणाऱ्याला?”

वारणाकाठच्या मठात विलास निकम मास्तर सोवळं नेसून पोथीपुढे बसले होते. आक्का, म्हणजे त्यांच्या गुरू, खांबाला टेकून मेथी निवडत होत्या.

“मोडायला कोण लावतंय?”

“बायको. सकाळपासून दोन निरोप आले. घरी या म्हणते. आज चौथा दिवस, आक्का! सात दिवस मठाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा तुम्हीच घालून दिलेला नेम.”

आक्कांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

“घरी कोण आहे?”

“ती आहे. आणि आई.”

मास्तरांच्या आईला, हिराबाईंना, तीन वर्षांपासून विसरण्याचा आजार जडला होता. अवेळी कडी काढून त्या गोठ्याकडे निघायच्या. गोठा कधीच पाडून झाला होता. सुनेला कधी बहीण समजायच्या, कधी चोर. मास्तरांचं हे बाविसावं पारायण. त्यातली चौदा पारायणं याच तीन वर्षांत झाली, ही गोष्ट गणिताचे मास्तर असूनही त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

त्यांच्या उजव्या हाताला घोंगडीची घडी होती, तिच्यावर जास्वंदीचं फूल. पारायणात दत्तमहाराजांसाठी एक आसन रिकामं ठेवतात. महाराज ऐकायला येतात म्हणे. चार दिवस मास्तरांनी तिथं मांजरसुद्धा फिरकू दिलं नव्हतं.

बाहेर ओसरीवर मात्र गलबला होता. गुरुवार होता ना. दर गुरुवारी आसपासच्या गावांतली माणसं आपापली विसरलेली म्हातारी सकाळी आणून सोडायची आणि दिवेलागणीला न्यायची. मठातले साधक त्यांच्याजवळ बसून फुलं ओवायचे, भजन म्हणायचे, दहादा विचारलेलं अकराव्यांदा सांगायचे. हा नेमही आक्कांचाच. त्यांचे स्वतःचे गुरू शेवटची चार वर्षं त्यांनाच “बाई, तू कुणाची?” म्हणून विचारत गेले, तेव्हापासूनचा.

मास्तरांना ही ओसरी मुळीच खपत नव्हती. मठाचं पाळणाघर करून टाकलंय, असं ते दुसऱ्या साधकांजवळ बोलूनही दाखवायचे.

“आक्का, मी काय विचारत होतो...”

तेवढ्यात ओसरी ओलांडून शालन थेट आत आली. डाव्या तळव्याला फडकं गुंडाळलेलं, उजव्या हातात सासूचं मनगट. तिनं ते मनगट नवऱ्याच्या हातात दिलं.

“घ्या. तुमची आई.”

“अगं, सोवळ्यात आहे मी! शिवू नको...”

“शिवून झालं. चार दिवस तुमचे झाले. आता माझे.”

ओसरीवरचं भजन थांबलं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. आक्का फडक्याकडे बघत होत्या.

“हाताला काय झालं गं?”

“भाकरी करताना डोळा लागला, आक्का. हात तव्यावर पडला.”

मास्तरांनी घसा साफ केला. वर्गात अवघड गणित सोपं करून सांगताना काढायचे, तसा मऊ आवाज काढला.

“शालन, असं बघ. आईची सेवा हेच तुझं पारायण. आणि त्याचं सगळं पुण्य तुला एकटीला...”

“पुण्य तुम्ही घ्या. मला झोप द्या.”

तिचा आवाज चढला नव्हता. रडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. राग तेवढा ताजा होता. मास्तर खाली बघू लागले, तशी ती आक्कांकडे वळली.

“गुरुवारी हितं माणसं संभाळत्यात, हे मला कुणी सांगितलं, ठावं हाय? बोहारणीनं! जुनी पातळं न्यायला आली, माझं तोंड बघितलं अन् सांगितलं. अन् हे? इतकी वरसं येत्यात हितं.”

आक्कांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“घरी सांगितलं न्हाईस, मास्तर?”

मास्तर पोथीचं पान नीट करू लागले. ते नीटच होतं.

“आक्का, गावात आमचं नाव आहे. निकमांची आई ओसरीवर बसलेली चार लोकांनी बघितली असती, तर...”

“तर?”

खरं म्हणजे तीन वर्षांत कुणी त्यांना हे विचारलंच नव्हतं.

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. घोंगडीवरचं फूल त्यांनी हिराबाईंना दिलं. हिराबाईंनी ते अंबाड्यात खोवलं. मग आक्कांनी घोंगडी झटकली, उलगडली आणि भिंतीकडेला अंथरली.

“पड, पोरी.”

“आक्का!” मास्तर पोथीपुढून उठलेच. “ते महाराजांचं आसन!”

“त्यांचं काय, ते फिरस्ते. टेकतील आणखी कुठं.”

शालन घोंगडीवर बसली. पदर कमरेला खोचलेलाच होता.

“आधीच सांगते, आक्का. कुणी उठवलं तरी मी उठायची न्हाई.”

“उठवतंय कोण?”

“अन् फुडच्या गुरुवारीबी आणणार सासूबाईस्नी.”

“आण की. मास्तर असतील ओसरीवर.”

शालननं हे ऐकलं की नाही, कोण जाणे. ती आडवी झाली होती.

हिराबाईंनी मास्तरांचं सोवळं ओढलं.

“धार काढली का रं?”

“आई, म्हैस विकली. बारा वर्षं झाली.”

“विकली?” हिराबाईंचे डोळे भरून आले. “कुणाला इचारून?”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. त्या डोळे पुसून शांत झाल्या, अंबाड्यातलं फूल चाचपलं, आणि पुन्हा...

“धार काढली का रं?”

“आक्का, हे असंच चालतं! दिवसभर! तेच तेच!”

“पारायणं किती झाली तुझी?”

“एकवीस. हे बाविसावं.”

“येगयेगळ्या पोथ्यांची?”

“नाही. एकाच...”

मास्तर खाली बसले, आईच्या शेजारी. पोथीकडे त्यांची पाठ झाली होती.

“धार काढली का रं?”

“काढली, आई.”

“रेडकाला सोडलंस?”

“...सोडलं.”

हिराबाई हसल्या. मास्तरांनी ते हसू कितीतरी दिवसांनी पाहिलं, आणि त्यांना आपली लाज वाटली.

ऊन माथ्यावर आलं. आरतीची वेळ झाली. चाळीस वर्षांत मठाची दुपारची घंटा एकदाही चुकली नव्हती. आपल्या हातून एवढं तरी वेळेवर व्हावं म्हणून मास्तर आईचा हात धरूनच उठले आणि घंटेपाशी गेले.

आक्का तिथं आधीच उभ्या होत्या. घंटेचा लोळा त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

“आक्का, आरती... बारा वाजले.” भिंतीकडून बारीक घोरण्याचा आवाज आला. मास्तर कासावीस झाले. “आणि ही... महाराजांच्या आसनावर... आक्का, घोरतेय हो ही!”

“हळू बोल,” आक्का म्हणाल्या. “अनुष्ठान चाललंय.”