आरशाने न पाहिलेले लुगडे

एका राज्यात कपड्याला एकाच दिवसाचे आयुष्य होते. सकाळी अंगावर चढायचा आणि संध्याकाळी मरायचा. राजा विलासवर्मा एकदा घातलेला अंगरखा पुन्हा घालत नसे, आणि त्याचे पाहून दरबारातले कुणीच घालत नसे. राजवाड्यामागे एकदाच नेसलेल्या शालूंचा डोंगर साठला होता. त्यावर मोरसुद्धा चढत नसत, जरीत पाय अडकत म्हणून.

ही रीत घालून दिली कालाक्ष नावाच्या मांत्रिकाने. तो राजवस्त्रांचा अधिकारी. "महाराज, तेच वस्त्र पुन्हा दिसले की राजाचे तेज गळते," असे तो एकदा म्हणाला, आणि राजाला ते पटले. राजाला तेजाची फार काळजी. मग कालाक्षाने दरबाराच्या दारात एक आरसा टांगला. आरशाला प्रत्येक वस्त्र आठवे. एकदा पाहिलेले पुन्हा उंबऱ्याच्या आत आले की तो ओरडे, "पाहिलेले!" आणि नेसणारा माणूस जागच्या जागी लाकडाची खुंटी होऊन पडे. शिपाई ती उचलून वस्त्रागाराच्या भिंतीत ठोकीत. त्या दिवशीचा राजाचा पोशाख त्याच खुंटीला टांगला जाई.

दरबाराचा दुसरा नियम याहून जुना. फिर्यादीने तीन दिवस यावे. पहिल्या दिवशी नाव सांगावे, दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणे, तिसऱ्या दिवशी निकाल ऐकावा. तीन दिवस म्हणजे तीन नवी वस्त्रे. ज्यांच्यापाशी ती होती त्यांना गाऱ्हाणी नव्हती.

या राज्यात कुंदा नावाची मुलगी होती. पाठशाळेत शिकलेली, अक्षर सुरेख, पण जीव सशाचा. भांडे पडले की दचके, मागून हाक आली की दचके, स्वतःच्या शिंकेलाही दचके. तिच्या गावचा ओढा कालाक्षाने राजाची वस्त्रे रंगवणाऱ्या रंगशाळेकडे वळवला, आणि गाव कोरडे पडले. म्हणून तिची आई अनसा, पांढऱ्या केसांना मेंदी लावणारी, फिर्याद घेऊन निघाली. कागद वाचायला कुंदाला सोबत घेतले.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी अनसा तेच लुगडे नेसली.

"आई, नियम आहे म्हणतात," कुंदा कुजबुजली.

"धुतलंय, वाळवलंय, चोपून नेसलंय. आणखी काय सोन्याचं पाणी देऊ?" अनसा म्हणाली, आणि तिने उंबरा ओलांडला.

"पाहिलेले!"

फरशीवर खट् असा आवाज झाला, आणि दरबार हसला. शिसवीची एक लहानशी खुंटी गडगडत कुंदाच्या पायापाशी आली. कुंदाच्या अंगावरही कालचेच लुगडे होते. तिचा पाय उंबऱ्यावर उचललेला होता. तो तिने मागे घेतला. आणि ती पळाली.

ती पळत पळत परीटघाटावर आली, धुण्याच्या दगडावर बसली आणि रडली. रडणे संपल्यावर संताप आला. पळालेल्या स्वतःच्या पायांचा, ओरडणाऱ्या आरशाचा, आणि सर्वांत जास्त त्या खट् आवाजावर हसलेल्या दरबाराचा. आयुष्यात प्रथमच तिला आपल्या आत असे काही सापडले की ज्याला ती दचकली नाही.

"दगडावर मुठी आपटून दगड मऊ होत नाही, बाई," वरून कुणी बोलले.

घाटावरच्या बाभळीला घरटी लोंबत होती. एका घरट्यातून पिवळ्या डोक्याचा पक्षी वाकून पाहत होता.

"तू सुगरण आहेस का?" कुंदाने विचारले.

"नर आहे. आमच्यात विणकाम नरच करतात. पण लोक सुगरण म्हणतात आणि मी ओ देतो. तू खुंटीवाल्या बाईची मुलगी ना? ऐक. आजपासून चौथ्या दिवशी अमावास्या. अमावास्येला सगळ्या खुंट्यांना तेल पाजतात. तेल प्यायलेली खुंटी पुन्हा माणूस होत नाही."

"म्हणजे माझ्याकडे तीन दिवस आहेत."

"आणि लुगडी किती?"

कुंदाने अंगावरच्या लुगड्याकडे पाहिले. एके काळी ते कुसुंबी होते. आता धुऊन धुऊन कांद्याच्या सालीवर आले होते.

"हे एक," ती दात चावून म्हणाली. "आणि ते मेल्या आरशाने पाहिलंय."

"रंग पाहिलाय," सुगरण म्हणाला. "रंग काय, बदलतो."

मुदपाकखान्यामागच्या उकिरड्यावर डाळिंबाच्या सालींचा ढीग होता. कुंदाने ओटी भरून साली आणल्या, घोड्याच्या नालांचे गंजलेले खिळे वेचले, आणि घाटावरच्या फुटक्या रांजणात दोन्ही उकळले. घाटावरच्या परटिणीने तोवर गुंडाळायला आरशाने कधीच पाहिलेले एक जुनेर दिले, भाताची पेज दिली. संध्याकाळी लुगडे रांजणातून निघाले ते कावळ्याच्या पंखासारखे काळेभोर. सकाळी त्याला पेजेची खळ दिली, वाळल्यावर तांब्यात निखारे भरून इस्त्री केली, रिठ्याने केस धुतले, आणि कुंदा उंबऱ्यापाशी उभी राहिली. आईचा खट् आवाज आठवला. तिने पाऊल आत टाकले.

आरशाने तिला न्याहाळले आणि तो गप्प बसला.

"बाई, काय तरी रंग!" एक सरदारीण म्हणाली. "कुठल्या पेठेतला गं?"

"उकिरड्यावरचा," कुंदा म्हणाली.

सरदारणीला तो विनोद वाटला. ती खूप हसली आणि शेजारणीला म्हणाली, "आपणही मागवू."

राजाने मान वर न करता विचारले, "नाव?"

"कुंदा. अनसाची मुलगी."

"लिहून घ्या. उद्या या."

दुसरी दुपार. लुगडे आता काळे म्हणून पाहिले गेले होते, आणि काळ्यावर दुसरा रंग चढत नाही.

"आता दांड घाल," सुगरण म्हणाला.

कुंदाला दांड ठाऊक होता. लुगडे मध्यावर, बसायच्या जागी, आधी विरते. बायका ते विरलेले मध्य कापून टाकतात आणि दोन्हीकडची धड टोके एकमेकांना जोडतात. तिच्या आईने हे आयुष्यभर केले होते. पण धड दिसणारे लुगडे स्वतःच्या हाताने फाडायचे म्हणताना कुंदाने ते दोनदा घडी घालून बाजूला ठेवले. कात्री नव्हती. परटिणीच्या विळीवर तिने कापड धरले, डोळे मिटले आणि ओढले. चर्र झाले. ती दचकली, पण पुन्हा ओढले.

"टाके तिरपे जातायत," सुगरण म्हणाला.

"मग ये खाली आणि घाल."

तो खाली आला. टोके जोडली तशी दोन्ही पदरांची वेलबुट्टी मधोमध समोरासमोर आली. कापून काढलेल्या तुकड्यांतली जरा धड ठिगळे निवडून कुंदाने चोळी शिवली. उरलेल्या पट्टीचा गोफ करून वेणीत घातला.

तिसऱ्या सकाळी आरसा बराच वेळ धुरकटला. त्याने वेलबुट्टी इथे पाहिली नव्हती, गुडघ्यावर तर कधीच नव्हती. तो गप्प राहिला.

"गाऱ्हाणे?" राजाने विचारले.

"माझी आई तुमच्या भिंतीत आहे. ती परत द्या. आमचा ओढा परत द्या."

दरबार खुसखुसला. कालाक्ष पुढे झाला. त्याचा झगा पायघोळ होता, आणि चालताना त्याची पावले वाजत नसत.

"मुली, नियम सर्वांना सारखा."

"सारखा? तुमच्यापाशी डोंगर आहे, माझ्यापाशी एक लुगडं आहे. यात सारखं काय?"

"आवाज खाली!" भालदार गरजला. कुंदा दचकली, पण मान खाली गेली नाही.

"निकाल उद्या," राजा जांभई देत म्हणाला.

कालाक्ष मात्र तिच्या गुडघ्याकडे पाहत राहिला. ती बाहेर पडत असताना त्याने आरशाच्या कानात सांगितले, "रंग विसर. काठ विसर. हिचा धागा न् धागा मोजून ठेव." आरशाने मोजला.

सुगरणाने हे खिडकीतून ऐकले आणि घाटावर येऊन सांगितले. "आता रंग चालणार नाही, दांड चालणार नाही. तुकडे करून गोधडी पांघरलीस तरी ओळखेल. माझी विद्या संपली. गावी जा, बाई."

कुंदाने आपल्या हातांकडे पाहिले. तिची बोटे सुईने सोलवटली होती, नखे रंगाने काळी पडली होती.

"तीन दिवस मी काय केलं?" ती म्हणाली. "गरिबी लपवली. रांजण लपवला, टाके लपवले, बोटं पदराखाली लपवली. त्यांना नवं वाटावं म्हणून! आता नाही. उद्या मी हेच नेसणार, आणि आत लपवलेलं सगळं बाहेर काढून नेसणार. गाठी, दोरे, ठिगळं, सगळं. बघू देत किती मेहनतीचं आहे ते. खुंटी झाले तर आईशेजारी तरी ठोकतील."

चौथ्या सकाळी, अमावास्येला, ती लुगडे उलटे नेसून निघाली. चोळीही उलटी. दांडाची जाड शिवण पोटावर सापासारखी, दोऱ्यांची टोके लोंबणारी. वस्त्रागाराच्या दारात तेलाच्या बुधल्या मांडून ठेवल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिले, आणि उंबरा ओलांडला.

आरशाने तोंड उघडले. धागे ओळखीचे, पण प्रत्येक धागा पाठमोरा. आजवर जो आला तो शिवण आत दडवूनच आला होता, आणि कालाक्षाने आरशाला शिकवले ते सुलटेच. आरसा "पा..." म्हणाला आणि अडकला.

कुंदा सिंहासनापर्यंत चालत गेली. कुणी हसले नाही, कारण आपण काय पाहतो आहोत हेच कुणाला कळत नव्हते.

"हे कुठले वस्त्र?" राजाने प्रथमच मान वर केली.

"कालचंच. ही त्याची उलट बाजू, महाराज."

"वस्त्राला उलट बाजू असते?"

कुंदाचा संताप इतका वर आला की तिचा आवाज अगदी हळू झाला. "रोज नवा अंगरखा घालता, आणि एकदाही आत पाहिलं नाहीत?"

राजाने बाही दुमडली.

"महाराज, नको!" कालाक्ष ओरडला.

पण राजाने पाहिले होते. अंगरख्याच्या आत सुती दोरा नव्हताच. शिवण केसांची होती. मुळाशी पांढरे, टोकाला मेंदीने लाल झालेले केस.

"ते माझ्या आईचे आहेत," कुंदा म्हणाली. "खुंटी झालेल्या माणसांच्या केसांनीच तुमचे कपडे शिवतात. उलटा करा तो. आत्ता!"

राज्यात राजाला आजवर कुणी आज्ञा केली नव्हती. त्यामुळे ती मोडायची कशी हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने अंगरखा काढला आणि उलटा केला. शिवणीतले केस एकेक करून सुटले आणि वस्त्रागाराकडे उडाले. अंगरख्याचे सात तुकडे होऊन फरशीवर पडले. आतून खट् आवाज आला, आणि मग एका बाईचा खोकला.

"सगळे उलटे करा!" राजा ओरडला.

सरदारांनी शेले उलटे केले, सरदारणींनी शालू. जो तो आपापल्या शिवणीतल्या परक्या केसांकडे पाहून किंचाळला. कालाक्ष दाराकडे सरकला. कुंदाने त्याच्या झग्याची कड धरली आणि एका झटक्यात आतली बाजू बाहेर केली. आत कुणी नव्हते. झगा रिकामाच खाली पडला.

भिंतीतून त्रेसष्ट माणसे उतरली, अंग चोळत, डोळे चोळत. आरसा पुन्हा कधी बोलला नाही. तो आता फक्त तोंड दाखवतो.

राजा अंगातल्या नुसत्या बंडीवर उभा होता. "मुली," तो खाली पाहत म्हणाला, "तुला तीनशे शालू देतो."

"नकोत. सुईत दोरा ओवता येतो?"

"नाही."

"मग शिका. हे सगळे कपडे उसवलेत, ते तुम्ही शिवायचे. तुम्ही आणि तुमचे सरदार. तोवर कुणाच्या अंगावर काय आहे ते न पाहता गाऱ्हाणी ऐकायची, आणि तीन दिवस नाही, एकाच दिवसात. आमच्या ओढ्यापासून सुरुवात करा."

राजाने होय म्हटले. परटिणीला बोलावून तिच्याकडून टाका शिकला. पहिल्या दिवशी त्याने स्वतःचे बोट अंगरख्याला शिवले, असे सांगतात.

अनसा दारात आली. केस सुटलेले, अंगाला शिसवीचा वास. कुंदा तिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, मी पळाले होते गं."

"पळालीस म्हणून तर आलीस. दोघी खुंट्या झालो असतो तर काढलं कुणी असतं?" अनसाने तिची काळी नखे हातात घेऊन पाहिली आणि मग सिंहासनाकडे बोट केले. "आणि तो राजा! तीन दिवस त्याचा फेटा माझ्या डोक्यावर होता. इतकी वस्त्रं, इतका थाट, पण एक फेटा धुतलेला असेल तर शपथ! थांब, जाऊन सांगून येते."

"आई, मी खूप बोललेय त्याला."

"तू बोललीस ते तुझं. माझं राहिलंय," अनसा म्हणाली, आणि पदर खोचून आत गेली.

ओढा त्याच आठवड्यात गावाकडे वळला. अनसा आत काय बोलली ते कुणी लिहून ठेवले नाही, पण त्या दिवसापासून त्या राज्यात राजे आपले फेटे स्वतः धुतात. फेटा वाळेपर्यंत राजा उघड्या डोक्याने न्याय करतो, आणि आमची कथा तो फेटा दोरीवर टाकून इथे थांबते.