ठकूबाईची मूठ

फार वर्षांपूर्वी, खडकोशीला धड गाडीवाटही नव्हती तेव्हाची ही हकिगत. त्या गावात ठकूबाई नावाची एक बाई राहायची आणि ती कायम वैतागलेली असायची. गावातली म्हातारी माणसं तिची गोष्ट सांगायला बसली की सुरुवात इथूनच करतात. ती दिसायला कशी होती, माहेर कुठलं, हे कुणाला आठवत नाही. वैताग तेवढा सगळ्यांना आठवतो.

तिच्या वैतागाला कारण होतं आणि त्या कारणाचं नाव हैबती. हैबती म्हणजे तिचा नवरा. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, जुगार नाही, शेतात बैलाच्या बरोबरीनं राबायचा. पण त्याला एक नाद होता, मुठीचा. तालमीत बाकीचे गडी कुस्ती खेळायचे, जोर-बैठका काढायचे. हैबती नुसता पंजा कमवायचा. ओल्या वाळूचं गाठोडं घेऊन तास न् तास पिळत बसायचा. बोटांच्या कवेत येणार नाही एवढं जाड लाकूड, त्याच्या टोकाला दगड बांधलेला, ते एका हातानं उचलून तालमीभोवती फेऱ्या मारायचा. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे लोखंड वाकवायचा. तळव्याला फडकं गुंडाळायचं, गज छातीशी धरायचा, दोन्ही अंगठे रोवायचे आणि डोळे मिटून दाब द्यायचा. गज वाकला की तालमीत अशी आरोळी उठायची की वेशीवरची कुत्री पळायची.

तालमीतलं लोखंड संपलं तेव्हा तो घरातलं वाकवायला लागला.

पहिल्यांदा चिमटा गेला. ठकूबाई चुलीतला निखारा काढायला गेली तर चिमट्याची वेटोळी झालेली.

"अवं, ह्यो चिमटा हाय का जिलबी? निखारा काय बोटानं काढू?"

"अगं, बघ तरी किती साफ वाकलाय!" हैबती कौतुकानं म्हणाला.

मग उलथणं गेलं. मग दाराची कडी गेली, आणि दोन दिवस दाराला दगड लावून झोपावं लागलं. मग पोहऱ्याचा कान असा वाकला की विहिरीतून निम्मं पाणी वर यायचं आणि निम्मं परत विहिरीत जायचं. गुरं बांधायच्या खुंट्या, खणायची पहार, एक म्हणून वस्तू सरळ राहिली नाही. लोक यायचे, वाकलेलं लोखंड बघायचे, हैबतीच्या दंडाला हात लावून बघायचे आणि चहाऐवजी त्या वेळी गूळपाणी मिळायचं ते पिऊन जायचे. गूळपाणी कोण करायचं? ठकूबाई. कशानं ढवळायची? वाकड्या पळीनं.

सुरुवातीला ती वाकडी लोखंडं घेऊन गोंदा लोहाराकडे जायची. गोंदा भला माणूस, पण पेरणीच्या दिवसांत त्याच्या दारात फाळांचा ढीग पडलेला असायचा. "ठेव वैनी, पुढच्या बाजाराला बघतो," म्हणायचा. पुढच्या बाजारापर्यंत निखारा थांबतो होय? भूक थांबते?

एक दिवस ती तिरमिरीतच उठली. चिमट्याचं एक टोक उखळाच्या भोकात अडकवलं, दुसरं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढत राहिली. तळव्याची सालटं निघाली. चिमटा जेमतेम बोटभर उलगडला. तिनं हाताला हळद-तेल लावलं, नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुसऱ्या दिवशी परत ओढला. आठ दिवसांनी चिमटा चिमट्यासारखा दिसायला लागला. नवव्या दिवशी हैबतीनं तो परत वाकवला.

असं म्हणतात की हे बारा वर्षं चाललं. हैबती वाकवायचा, ठकूबाई सरळ करायची. पहिली दोन वर्षं उखळ लागायचं. पुढे नुसता गुडघा पुरायला लागला. त्यानंतर काहीच लागेना. जात्यावर बसल्या बसल्या ती पहार मांडीवर घ्यायची आणि बोलता बोलता ताठ करून बाजूला ठेवायची. हैबतीला वाटायचं गोंदा लोहार सरळ करून पाठवतो. गोंदाला वाटायचं हैबतीच स्वतःचं वाकवलेलं स्वतः सरळ करतो. दोघांपैकी एकानंही कधी विचारलं नाही. ठकूबाईनंही सांगितलं नाही, कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. भांडी घासली हे कुणी सांगत फिरतं का?

त्यात एकदा हैबतीनं गोंदाकडून एक मुठीत दाबायचा चिमटा करून घेतला. दोन जाड दांड्या, मधे वळवलेल्या पोलादाची कमान. दांड्या एका हातानं दाबून एकमेकींना टेकवायच्या. तो एवढा कडक झाला की हैबतीला काही मिटेना. महिनाभर त्यानं जीव काढला आणि शेवटी ओसरीवर टाकून दिला. ठकूबाईच्या तो येता-जाता पायात यायचा. मग तिनं तो उचलला आणि नवऱ्याला जे बोलायचं ते चिमट्याला बोलायला लागली. हैबती जेवायला वेळेवर आला नाही, दाब चिमटा. चार माणसं न सांगता घेऊन आला, दाब चिमटा. असं म्हणतात की त्या वर्षी ओसरीवरून दिवसभर टकटक असा आवाज यायचा आणि शेजारणी म्हणायच्या, आज हैबतीनं कायतरी केलेलं दिसतंय.

वर्षअखेरीला पोलाद पार सैल पडलं. हैबतीनं सहज उचलून दाबला तर चिमटा मिटला! तो नाचतच तालमीत गेला आणि सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. ठकूबाईनं कपाळाला हात लावला आणि खोबरं किसायला नवी किसणी शोधली, कारण जुनीची त्यानं सकाळी घडी घातली होती.

आता बंधाऱ्याचं ऐका. खडकोशीच्या ओढ्यावर दगडी बंधारा होता, अजून आहे. त्याला तळाशी एक मोरी, मोरीला सागवानी दार. दाराचा उभा दांडा वर बंधाऱ्याच्या माथ्यापर्यंत आलेला; तो अडवून दार बंद ठेवायला वर भिंतीजवळ दोन लोखंडी कडी होती आणि त्या कड्यांतून एक मनगटाएवढा गज आडवा घातलेला. गजाच्या एका टोकाला बोंड होतं. बोंड धरून गज ओढला की दार पाण्याच्या रेट्यानं आपसूक उघडायचं. पावसाळाभर मोरी उघडी असायची, आणि नवरात्रात पाऊस सरला की बंद करून पाणी साठवायचं.

त्या साली मोरी अशीच बंद केली. दसऱ्याला पलीकडच्या गावचा एक वस्ताद सोनं द्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, "हैबती, तुझे ते चिमटे-उलथणी सोड. बायकांच्या वस्तू त्या. हा बंधाऱ्याचा गज वाकवशील का?"

एवढं पुरे होतं. हैबतीनं तळव्यांना पटका गुंडाळला, बंधाऱ्यावर आडवा पडला आणि गजाचं बाहेर आलेलं मोकळं टोक धरलं. असं म्हणतात की त्याच्या नाकातून रक्त आलं, पण टोक खाली वळून पार आकडा झालं. वस्तादानं त्याच्या पाठीवर थाप मारली. गावानं त्याला खांद्यावर घेतलं.

ठकूबाईला गोंदाकडून कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. हैबती दारात आला तसं तिनं विचारलं,

"अवं, वाकडा गज आता कड्यातून निघंल का?"

"न्हाई निघायचा."

"मग मोरी कशी उघडायची?"

"आषाढापतुर कुनाला उघडायचीय? बघू की सवडीनं."

"सवडीनं!" ठकूबाई म्हणाली. "बारा वर्सं ऐकतेय ती सवड. उद्या सकाळी जाऊन सरळ करून या."

हैबती गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. तिसऱ्या दिवशी परतीचा पाऊस आला.

तो पाऊस म्हणजे पाऊस नव्हता म्हणतात, डोंगरच पातळ होऊन खाली येत होता. सकाळी ओढा तांबडा झाला आणि बंधाऱ्याला तटून मागं फुगायला लागला. मागच्या अंगाला सखल जागी कुंभारवाडी होती, चाळीस घरं. पाणी आधी मडकी भाजायच्या आव्यांत शिरलं. कच्ची मडकी विरघळून पुन्हा चिखल झाली. मग पाणी उंबऱ्यांशी आलं. एका घरात चार दिवसांची बाळंतीण होती, तिला बाजेसकट माळ्यावर चढवली.

सगळं गाव बंधाऱ्यावर धावलं. बोंडाला दोर बांधून वीस जणांनी ओढलं. आकडा कड्याला अडकून बसला, गज हलेना. गोंदा घण घेऊन आला आणि बघून मागं सरला. "घण फिरवायला जागा न्हाई. आन थंड लोखंड ठोकलं तर तुकडा मोडून कड्यात बसंल, मग तर संपलंच." दार फोडावं तर ते दोन पुरुष खोल पाण्याखाली.

हैबती आडवा पडला. त्यानं आकडा धरला आणि सगळं बळ लावलं. पण त्याचं बळ सगळं दाबण्यातलं. अंगठे रोवून खाली रेटायचं त्याला ठाऊक होतं, मिटलेलं उलगडायचं त्याच्या मुठीला कधी शिकवलंच नव्हतं. पटका भिजून निसटायला लागला. त्यानं पटका फेकला आणि उघड्या हातांनी धरलं. तळवे फाटले. शेवटी तो तसाच भिंतीवर कपाळ टेकून पडून राहिला. कुंभारवाडीतून बायकांच्या हाका येत होत्या आणि त्याला त्या ऐकवेनात.

तेवढ्यात ठकूबाई आली. पदर खोचलेला, हाताला पीठ, कपाळाला आठ्या.

"सरका," ती म्हणाली.

"अगं, तुला न्हाई जमायचं. मला जमंना."

"सरका म्हणते न्हवं! बारा वर्सं तुमचं निस्तरतेय, त्यात ह्यो एक."

लोक हसले नाहीत, कारण हसायला कुणात त्राण नव्हतं. ती आडवी पडली. एका हातानं कडं धरलं, दुसऱ्यानं आकड्याचं टोक. फडकं नाही, पटका नाही. हैबती तिच्या शेजारीच होता आणि तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिचे हात पाहिले. बारा वर्षं त्या हातांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली होती. तळवा बाभळीच्या सालीसारखा, बोटांची पेरं गाठीगाठींची, आणि करंगळी कधीतरी मोडून वाकडीच जुळलेली. ती कधी मोडली हे त्याला माहीत नव्हतं.

आता पुढचं प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं, तिनं तीन वेळा ओढलं. कुणी म्हणतं, एकदाच, पण ते एकदा घटकाभर चाललं. गज तापला आणि त्याच्यावर पडणाऱ्या पावसाची वाफ झाली असं म्हणतात. लोखंड कण्हल्याचा आवाज माळ्यावरच्या बाळंतिणीनंही ऐकला असं म्हणतात. एवढं मात्र सगळे सारखं सांगतात, की ओढताना ठकूबाई तोंडानं देवाचं नाव घेत नव्हती. ती चिमटा, उलथणं, कडी, पोहरा, पहार, किसणी असं एकेका वस्तूचं नाव घेत होती.

किसणीला गज सरळ झाला.

वीस जण दोराला होतेच. गज सुटला, दार धाडकन उघडलं आणि पाणी असं निघालं की बंधारा थरथरला. दुपारपर्यंत कुंभारवाडीतले उंबरे उघडे पडले. घरं उभी होती, माणसं सगळी होती. गजावर पाच बोटं उमटली होती, ती आजही दिसतात म्हणतात. बघणाऱ्याला दिसतात, न बघणाऱ्याला गंज दिसतो.

लोक तिला खांद्यावर घ्यायला धावले तेव्हा ती त्यांच्यावरच उखडली. "मला काय उचलता? त्या कुंभारांच्या घरातला गाळ उचला!" आणि गाव निमूट खाली उतरून गाळ काढायला लागलं.

हैबती त्या दिवशी घरी येऊन चुलीपाशी बसला. फाटलेल्या हातांना ती हळद-तेल लावत होती. तो म्हणाला, "तुझी करंगळी कधी मोडली?"

"पहारीच्या वक्ताला. सातव्या वर्सी."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं हुतं," ठकूबाई म्हणाली. "तुम्ही तालमीत निघाला हुता."

हैबती रडला. लोखंड वाकवणारा गडी, हातानं डोळेही पुसता येईनात. तिनं पदरानं पुसले, पण "आता हे कशाला आणिक," असं पुटपुटतच पुसले.

हात बरे झाल्यावर तो तिच्याकडे शिकायला बसला. तालमीतले गडीही आले. ती शिकवायची म्हणजे ओरडायचीच. "मूठ दाबायला नसती, धरून ठिवायला असती," एवढाच तिचा धडा. वाकवलेलं स्वतः सरळ केल्याशिवाय हैबतीला ताट मिळायचं नाही. पहिला महिना तो पाणी पिऊन झोपला असं म्हणतात. पुढे त्याला जमलं, पण तिच्याइतकं कधीच नाही. ठकूबाई खूप म्हातारी होऊन गेली. शेवटी वैद्यानं नाडी बघायला हात धरला तर तिनंच त्याचा धरला, आणि औषध गोड करून आणायचं कबूल केल्यावरच सोडला.

खडकोशीत आजही दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाला ठकूबाईचा दिवस म्हणतात. सकाळी घरोघरच्या बायका अंगणात ढीग घालतात. हललेला दांडा, गळकी बादली, न लागणारी कडी, "सवडीनं बघू" म्हणून वर्षभर ठेवलेलं सगळं. घरातले पुरुष त्या ढिगाभोवती बसतात. चूल पेटलेली असते, वास सुटलेला असतो, पण ढीग संपल्याशिवाय ताट वाढायचं नाही असा नियम. गावातली सगळ्यात म्हातारी बाई काठी टेकत अंगणाअंगणातून फिरते आणि प्रत्येक कडी स्वतः लावून बघते. लागली तर मान हलवते. नाही लागली तर काही बोलत नाही, नुसती उभी राहते. मागं एकदा ती सरपंचाच्या दारात अशी दिवस मावळेपर्यंत उभी होती म्हणतात.